रात्रीचा एक चमचा

काष्टौषधींचा व्यापार आणि आपली घरे यांचे नाते जुने आहे. पेढीच्या एका बाजूला तूरडाळ व गूळ, तर दुसऱ्या बाजूला हिरडा, बेहडा, सुंठ, पिंपळी, ओवा आणि हिंग, ही मांडणी महाराष्ट्रातील कित्येक बाजारपेठांत आजही पाहावयास मिळते. पोखरलेली सुंठ कोणती व भरीव कोणती, हे गादीवर बसणारा मुलगा मिसरूड फुटण्यापूर्वीच ओळखू लागतो. अशा घरांत पोटाच्या तक्रारीवरचे औषध दुकानातल्याच डब्यातून निघावे यात नवल नाही. मात्र माल ओळखणे ही एक विद्या आणि तो कोणास, केव्हा व किती दिवस द्यावा हे जाणणे ही दुसरी. पहिली आपल्याकडे पिढीजात आहे, म्हणून दुसरीही आपसूक येते असे आपण धरून चालतो, आणि तेथेच घोटाळा होतो.

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पोटाविषयीची आहेत. त्यांतील दोन पत्रांचा विचार आज करू, कारण ती जरी दोन घरांतून आली असली तरी त्यांतील प्रश्न अनेक घरांचे आहेत.

पहिले पत्र एका सूनबाईंचे आहे. त्यांचे सासरे, ज्यांना घरात सारे बाऊजी म्हणतात, आज ७१ वर्षांचे आहेत. गेली बारा वर्षे ते मलावरोधासाठी एक चूर्ण घेत आहेत. आरंभी अर्धा चमचा पुरत असे, पुढे एक, आणि या दिवाळीपासून तीन चमचे घेऊनही पोट साफ होत नाही. मधल्या काळात त्यांचे वजन उतरले आहे. रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढविणारी एक गोळीही चालू आहे. सूनबाई विचारतात, ‘याहून जोरदार पण पूर्णपणे वनस्पतिजन्य असे दुसरे चूर्ण सुचवाल का?’

सूनबाई, अधिक जोरदार चूर्ण मी सुचविणार नाही. आपण चूर्णाच्या डबीवरील घटकांची नोंद पाठवली हे फार उत्तम केले, कारण सारे उत्तर तेथेच आहे. यादीत पहिलेच नाव ‘स्वर्णपत्री’ असे आहे. हेच नाव कोठे ‘मार्कंडिका’, कोठे ‘सनाय’, तर गुजराती लेबलांवर ‘मींढी आवळ’ असे लिहिलेले आढळते. मराठीत आपण तिला सोनामुखी म्हणतो. तमिळनाडूतील तिरुनेलवेली भागातील सोनामुखीची पाने जगभरच्या बाजारात जातात आणि त्या जिल्ह्याच्या जुन्या इंग्रजी नावानेच ओळखली जातात. ही वनस्पती वाईट मुळीच नाही. तिच्यातील द्रव्य जठरात व लहान आतड्यात जवळजवळ तसेच राहते. मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जिवाणू त्याचे रूपांतर करतात आणि मग आतड्याच्या भिंतीस चेतना मिळून ती आकुंचन पावू लागते. या साऱ्या प्रवासास सहा ते बारा तास लागतात, म्हणून रात्री घेतलेल्या चमच्याचा परिणाम सकाळी दिसतो. प्रवासात, आजारपणात, दोन-चार दिवस अडले असता तिच्यासारखे खात्रीचे औषध थोडेच.

परंतु ते अडलेल्या दिवसांचे औषध आहे. वैद्याच्या सल्ल्याविना एक-दोन आठवड्यांपलीकडे ते घेऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. बाऊजींनी ते बारा वर्षे घेतले. दीर्घकाळ व वाढत्या मात्रेत रेचन झाले की मलाबरोबर पाणी आणि क्षार, विशेषतः पोटॅशियम, शरीराबाहेर जाते. लघवी वाढविणाऱ्या कित्येक गोळ्याही पोटॅशियम बाहेर टाकतात. म्हणजे एकाच तिजोरीस दोन दारे उघडी राहिली. पोटॅशियम घसरले की स्नायू शिथिल होतात, पायांत गोळे येतात, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, आणि आतडे हाही स्नायूच असल्यामुळे त्याची गती अधिकच मंदावते. ती मंदगती पाहून घरातील मंडळी चूर्णाचा आणखी एक चमचा वाढवतात. हृदयासाठी डिजॉक्सिन ही गोळी घेणाऱ्यांना तर हा खेळ जिवावर बेतणारा ठरू शकतो.

आणि तरीही, सूनबाई, माझी खरी चिंता पोटॅशियमची नाही. ७१ व्या वर्षी, गेल्या काही महिन्यांत शौचाची सवय बदलली आणि वजन उतरले, या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की चूर्ण बदलावयाचे नसते, तपासणी करावयाची असते. शौचावाटे रक्त जाणे, शौचाचा रंग डांबरासारखा काळा होणे, रक्तक्षय, गिळताना घास अडकणे, वारंवार उलटी, किंवा पन्नाशीच्या सुमारास प्रथमच सुरू झालेला मलावरोध, ही सारी त्याच जातीची लक्षणे आहेत. यामागे मोठ्या आतड्याची गाठ असू शकते, थायरॉइडची मंदता असू शकते, किंवा कदाचित काहीच गंभीर नसेल. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या आणि काही वेदनाशामकेही आतडे जखडतात, तेव्हा चालू औषधांची पूर्ण यादी सोबत न्यावी. रक्ताची तपासणी आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास दुर्बिणीची तपासणी याच महिन्यात करून घ्यावी. पर्युषण आटोपल्यावर पाहू, दिवाळीची खरेदी-विक्री आटोपल्यावर पाहू, असे व्यापारी घरांत नेहमीच होते. हंगाम सरतो आणि रोग आपला हिशेब पुढे चालवीत राहतो.

तपासणीत काही न निघाल्यास, आणि निघू नये अशीच माझी इच्छा आहे, चूर्ण एका दिवसात बंद करू नये. सकाळी इसबगोल सुरू करून काही आठवड्यांत सोनामुखी पाव-पाव चमच्याने उतरवावी.

इसबगोलाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या आचाराशी त्याचा थेट संबंध येतो. गुजरातेतील उंझ्याच्या बाजारातून देशभर जाणारा हा भुसा म्हणजे ईषद्‌गोल बियांचे टरफल. ते स्वतः रेचक नाही. ते पाणी शोषून अनेक पटींनी फुगते व मळाला मऊपणा आणि आकार देते. म्हणूनच पातळ शौचासही ते उपयोगी पडते आणि घट्ट शौचासही, आणि याचे कित्येकांना कोडे वाटते. त्याचे सारे कार्य पाण्यावर अवलंबून आहे. एक ते दोन चमचे भुसा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावा आणि वर आणखी पाणी घ्यावे. कोरडा भुसा तोंडात टाकून घोटभर पाणी घेतल्यास तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. ज्यांना गिळण्याचाच त्रास आहे त्यांनी तो घेऊच नये.

आता अडचण अशी की, सर्वत्र सल्ला दिला जातो तो ‘रात्री झोपताना’ असा. चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांनी मग काय करावे? काही जण सूर्यास्तापूर्वी घाईघाईने भुसा घेतात आणि पाणी मात्र नेमके तेव्हाच कमी पितात, कारण भोजनाने पोट भरलेले असते. पुढे सकाळच्या नवकारसीपर्यंत पाण्याचा थेंब नाही. अशा वेळी इसबगोल पोटात चिकट गोळ्यासारखा बसतो आणि फुगारा वाढवतो. माझे स्पष्ट मत असे की, चौविहार करणाऱ्यांनी इसबगोल सकाळी, नवकारसीनंतर घ्यावा, आणि दिवसभरात उकळलेले पाणी थोडे थोडे पण पुष्कळ प्यावे. औषधाच्या वेळेचे ‘रात्री’ हे बंधन सोनामुखीसारख्या द्रव्यास आहे, इसबगोलास नाही. रक्तदाब, मधुमेह आदींच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर मात्र राखावे, कारण तो इतर औषधांच्या शोषणात आडवा येतो.

मलावरोधाचे आणखी एक कारण आपल्या व्यवसायातच दडलेले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय याच विषयाने सुरू होतो. शरीराचे तेरा नैसर्गिक वेग अडवू नयेत, असे त्यात सांगितले आहे आणि मळाचा वेग त्यांत आहे. सकाळी न्याहारी पोटात गेली की मोठे आतडे आपोआप जागे होते. ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. पण त्याच वेळी दुकान उघडावयाचे असते, हमाल आलेले असतात, पहिले गिऱ्हाईक परत पाठवणे बरे दिसत नाही. वेग येतो, थांबवला जातो, आणि निघून जातो. वर्षानुवर्षे असे झाले की आतडे सूचना देणेच सोडून देते. न्याहारीनंतर पंधरा मिनिटे दुकानापासून दूर राखून ठेवणे, या एका उपायाने जे साधते ते पुष्कळदा डबीभर चूर्णाने साधत नाही. त्यातच पर्वतिथींना हिरवी भाजी वर्ज्य असल्यामुळे ताटात भात, फुलके, शेव आणि पापड यांचेच राज्य होते. तिथी पाळूनही मूग, मटकी, चवळी सालासकट शिजवता येतात, ज्वारीची भाकरी करता येते. व्रताने भाजी सोडावयास सांगितली आहे, चोथा सोडावयास नव्हे.

आता हिरड्याकडे वळतो, कारण दुसरे पत्र त्याविषयी आहे. आई जवळ नसेल त्याला हिरडा आईच्या ठिकाणी, या अर्थाची संस्कृत उक्ती सर्वांना ठाऊक असते, आणि तिच्या जोरावर हिरडा वाटेल त्यास दिला जातो. बाजारात तो तीन रूपांत येतो. आठळी धरण्यापूर्वीच गळालेली, वाळून काळी झालेली लहान फळे म्हणजे बाळहिरडा. सह्याद्रीच्या माथ्यावर जुन्नर-आंबेगावकडची आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात तो वेचतात आणि त्यावर त्यांचे वर्षाचे बरेचसे रोख उत्पन्न अवलंबून असते. त्याहून जून तो चांभारी हिरडा, ज्यातील तुरट द्रव्य चामडे कमावण्यास वापरले जाते. पूर्ण पिकलेला, मोठा व पिवळसर तो सुरवारी हिरडा. औषधासाठी मोठा हिरडा घेताना तो भरीव, वजनदार असावा व पाण्यात टाकला असता बुडावा, ही भावप्रकाशातील कसोटी आजही कामाची आहे. तरंगणारा हिरडा पोखरलेला किंवा जुनाट असतो. घरी दोन किलो आणून अर्धा परत पाठवण्याइतकी ही कसोटी सोपी आहे.

सोळाव्या शतकात भावमिश्रांनी या ग्रंथात हिरड्याविषयी जे बारकावे नोंदवले त्यांतील एक मला फार मोलाचा वाटतो. हिरडा चावून खाल्ला तर अग्नी प्रदीप्त करतो, वाटून घेतला तर मळ शोधतो, शिजवून घेतला तर उलट मळ बांधतो. एकाच फळाची ही परस्परविरुद्ध कार्ये आहेत. ज्यांना दिवसातून चार वेळा पातळ शौचास जावे लागते असे कित्येक जण ‘पोट सुधारावे’ म्हणून रोज हिरड्याचे चूर्ण फाकतात आणि तक्रार वाढवून घेतात. ऋतूनुसार अनुपानही त्याच ग्रंथात सांगितले आहे. वर्षेत सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध आणि ग्रीष्मात गूळ. आपल्या घरांत मध वर्ज्य, म्हणून वसंतात हिरडा घ्यावा की नाही, असे एका वाचकांनी मागे विचारले होते. कोमट पाण्याबरोबर खुशाल घ्यावा. रक्तदाबाच्या रोग्यांनी सैंधव आणि मधुमेह्यांनी गूळ-साखर यांबाबतही असाच विवेक ठेवावा.

साखरेवरून एक हिशेब सांगण्याचा मोह होतो. आम्लपित्तासाठी अविपत्तिकर चूर्ण घरोघरी असते. त्याची ग्रंथोक्त मांडणी वहीत लिहून पाहा. सुंठ, मिरे, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, बिडलवण, वावडिंग, वेलदोडा व तमालपत्र, ही अकरा द्रव्ये प्रत्येकी एक भाग. या साऱ्यांइतकी, म्हणजे ११ भाग, लवंग. आतापर्यंतच्या बेरजेच्या दुप्पट, म्हणजे ४४ भाग, निशोत्तर. आणि या सर्वांइतकी, म्हणजे ६६ भाग, साखर. एकूण १३२. अर्थात चूर्णाचा निम्मा भाग साखर आणि एक तृतीयांश भाग निशोत्तर, जे स्वतः स्पष्ट रेचक आहे. जळजळीवरचे सौम्य चूर्ण म्हणून मधुमेही माणूस ते दिवसातून तीनदा घेत असेल, तर तो काय घेत आहे हे त्याने जाणून घ्यावे. हिंगाचीही तीच कथा. आपण वापरतो ती बांधानी हिंग असते, तिच्यात गव्हाचे पीठ अथवा मैदा आणि डिंक मिसळलेला असतो. ज्या मुलांना गव्हाचे पथ्य आहे, त्यांच्या डाळीतील चिमूटभर हिंगही पथ्य मोडू शकते. तेव्हा त्यांच्यासाठी डबीवरील घटक वाचूनच हिंग घ्यावी.

जळजळीविषयी आणखी एवढेच. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला छातीत मधोमध जळजळ किंवा दाब, सोबत घाम, दम, जबड्यात वा डाव्या हातात कळ, असे झाले तर ओवा, हिंग, चूर्ण यांपैकी काहीही देत वेळ घालवू नये. त्याला गाडीत बसवून रुग्णालयात न्यावे व हृदयाचा आलेख काढून घ्यावा. गॅस निघाला तर कोणाचे काही बिघडत नाही.

दुसरे पत्र एका आजींचे आहे. त्यांची नातसून या पर्युषणात प्रथमच अठ्ठाई करणार आहे. आजी लिहितात की, त्यांच्या माहेरी पारण्याच्या दिवशी पोट साफ व्हावे म्हणून हिरड्याचे चूर्ण एरंडेलात परतून देत. ते आता द्यावे काय, आणि किती?

आजी, देऊ नये. आपल्या माहेरच्या वडीलधाऱ्यांचा मान राखून सांगतो की, ज्या भावप्रकाशात हिरड्याचे एवढे गुण गायिले आहेत, त्यातच तो कोणी खाऊ नये हेही स्पष्ट सांगितले आहे. चालून थकलेला, बलहीन, रूक्ष, कृश, लंघनाने क्षीण झालेला, पित्ताधिक, रक्तमोक्षण केलेला, आणि गर्भवती स्त्री. आठ उपवास केलेली व्यक्ती यांतील किती ठिकाणी बसते ते आपणच पाहा. आठ दिवस अन्न पोटात गेलेले नाही, तेव्हा आतड्यात बाहेर काढण्यासारखे फारसे काही नसते. पारण्यानंतर दोन-तीन दिवस शौचास न होणे हा मलावरोध नव्हे, तो स्वाभाविक क्रम आहे. त्यावर रेचक दिले तर उरलेसुरले पाणी व क्षार तेवढे निघून जातात.

आणि याहून मोठा धोका पहिल्या घासांत आहे. पाच दिवसांहून अधिक काळ अन्नाविना राहिलेल्या शरीरात फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचा साठा घटलेला असतो. एकदम साखर-गूळ, शिरा, सरबत असे गोड अन्न भरपूर पोटात गेले की इन्सुलिन वाढते आणि रक्तात उरलेले हे क्षार झपाट्याने पेशींत ओढले जातात. रक्तातील पातळी कोसळून अशक्तपणा, श्वासाचा त्रास, झटके, हृदयाची अनियमितता उद्भवू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांना पोटभर जेवू घातले असता हा प्रकार डॉक्टरांच्या प्रथम ध्यानात आला. पारण्याचा सोहळा असतो, नातलग येतात, प्रत्येकास तपस्विनीच्या मुखी काही गोड घालावयाचे असते. प्रेमापोटी होणारे हे सारे पहिल्या दिवशी टाळता आले पाहिजे, आणि ते टाळण्याचा अधिकार घरात आपल्याइतका कोणास असणार?

जुनी रीत येथे अगदी योग्य होती, मुगाचे पाणी आणि पातळ राब. पहिल्या दिवशी अर्धी-अर्धी वाटी, दर दोन तासांनी, किंचित सैंधव घालून. सुंठ, गूळ व तूप यांची सुपारीएवढी गोळी अनेक घरांत देतात, ती एखादी देण्यास हरकत नाही. सुंठीने मळमळ कमी होते व जठर रिकामे होण्यास साहाय्य मिळते. मात्र पोटात जळजळ किंवा व्रणाचा पूर्वेतिहास असेल तर तीही नको. दुसऱ्या दिवशी मऊ मुगाची खिचडी, तिसऱ्या दिवशी थोडे तूप व फुलका, आणि गोडाधोडास चार-पाच दिवसांनंतर हात लावावा. इसबगोल घ्यावयाचाच असेल तर पाणी नीट पिणे सुरू झाल्यावर, चौथ्या दिवसापासून.

नातसुनेचे वय आपण लिहिलेले नाही. ती गर्भवती असण्याची शक्यता असेल, तिला मधुमेह असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा तिचे वजन मुळातच फार कमी असेल, तर पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा दाखवावे. उपवासाच्या काळात वा पारण्यानंतर तिला घेरी, गोंधळलेपणा, छातीत धडधड किंवा सतत उलट्या झाल्या तर घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालयात न्यावे, आणि तेथे उपवास किती दिवसांचा होता हे पहिल्याच वाक्यात सांगावे. पारण्याच्या वेळी कोणते अन्न किती दिले याची नोंद एका कागदावर ठेवली, तर तोच कागद तेथील डॉक्टरांच्या उपयोगी पडेल.